निरोप जसाच्या तसा

१४ ऑक्टोबर

आज देवानेच माणूस पाठवला असं म्हणायला हवं. रविवारचं चर्चचं पत्रक टाइप करत होते, तर कॉम्प्युटर एकाएकी किंचाळायला लागला. पडदा लालभडक. यंत्रातली बाई एकच घोकत होती: बंद करू नका, बंद केलंत तर सगळं पुसलं जाईल, खालच्या नंबरवर फोन करा. माझ्या नवऱ्याचे, ड्वेनचे, सगळे फोटो त्यात आहेत. तो गेल्यापासून हे यंत्र मी उकळत्या पातेल्यासारखं लांबूनच हाताळते. फोन केला.

पलीकडे केव्हिन. तरुण आवाज, फार सौम्य. "मॅडम, आधी पाणी प्या. मी आहे इथेच." आणि खरोखर थांबला. मग त्याने तिकडूनच कॉम्प्युटर ताब्यात घेतला. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला. ड्वेन काही दुरुस्त करत असला की मी बसायचे, तशी खुर्चीत रेलून नुसती बघत राहिले. उठताना गुडघ्यातून कळ आली, ती त्याला ऐकू गेली. म्हणाला, त्याच्या आईचेही गुडघे असेच आहेत, ती मोहरीचं तेल गरम करून चोळते. मोहरीचं तेल! मोहरी आम्ही सॉसेजला लावून खातो. मोठ्याने हसले. किती दिवसांनी.

तीन वर्षांच्या देखभालीचे तीनशे डॉलर. दिले.

लिओनाच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी आज फोनवर प्रार्थनेची साखळी होती. रोझलिनचा फोन आला तेव्हा तिला म्हटलं, शेवटी केव्हिनचा नंबरही जोड, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. "साखळी प्रार्थनेसाठी असते, आर्व्हिला," ती म्हणाली. चर्चच्या पाळकाची बायको आहे, तिला म्हणावंच लागतं. पण जोडला. मी पुढे माझ्या भावाला, एल्विनला सांगितला, त्याने पुढच्या घरी, असं फिरत फिरत तांते हुल्डापर्यंत, म्हणजे आमच्या हुल्डा मावशीपर्यंत. शेवटचं टोक ती. ती पहिल्या टोकाला फोन करून निरोप वाचून दाखवते. निरोप जसाच्या तसा पोचला पाहिजे, एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही, हा नियम तिच्या आईने घालून दिलेला. आज तिने मलाही फोन केला.

"हा केव्हिन कुणाचा गं?"

"कंपनीचा माणूस आहे, तांते."

"ते कळलं. पण आडनाव? आई कुठल्या घरची?"

आडनाव विचारायचं राहूनच गेलं. आईचे गुडघे दुखतात एवढं माहीत आहे, म्हटलं. तिचं काही समाधान झालं नाही.

२० ऑक्टोबर

फार धावपळीचा दिवस. केव्हिनचा सकाळीच फोन. त्याची कंपनी बंद होते आहे, गिऱ्हाइकांचे पैसे परत द्यायचे आहेत, मला भरपाईसकट पाचशे मिळणार. आकडा मलाच टाइप करायला सांगितला. मी केला. बँकेचं पान उघडलं तर पाच हजार जमा.

"मॅडम, हे काय केलंत तुम्ही?" त्याचा आवाज रडवेला झाला. एक शून्य जास्त पडलं होतं. साहेब त्याला आजच्या आज काढून टाकेल, घरात मिळवता तो एकटाच. मी शपथेवर सांगितलं असतं की पाचशेच टाइप केले, पण आमच्या पंथात शपथ घेत नाहीत, आणि माझी बोटं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. वरचे पैसे बँकेतून पाठवते म्हटलं, तर कंपनीचं खातं बंद झालेलं. दुकानातून गिफ्ट कार्डं घ्यायची आणि मागचे आकडे त्याला वाचून दाखवायचे. विचित्र वाटलं. पण आता जगात काय विचित्र नाही?

"आजच करते," मी म्हटलं. "दुसऱ्याचे पैसे आमच्या घरात कधी रात्रभर राहिलेले नाहीत."

तो गप्प झाला. इतका वेळ, की मला वाटलं फोन तुटला.

मग म्हणाला, जवळच्या दुकानात जाऊ नका, लांबच्या गावी जा, आणि कुणी विचारलं तर नातवंडांसाठी घेते म्हणा. मला मूलच नाही, नातवंडं कुठली? मी खोटं बोलणार नाही, म्हटलं. "मग काहीच बोलू नका," तो म्हणाला. तिसऱ्या दुकानातल्या मुलीने विचारलंच. कार्डं हातात धरून ठेवली होती तिने. "बाई, कुणी तुम्हाला ही घ्यायला सांगितलंय का?" मी खरं तेच सांगितलं: "ज्याचे पैसे आहेत त्याला परत करते आहे." तिने कार्डं दिली.

घरी येऊन ड्वेनच्या डब्यातल्या नाण्याने कार्डांमागची एकेक पट्टी खरवडली, आकडे वाचले. टेबलावरच्या मेणकापडावर चंदेरी भुकटीच भुकटी. पुसली, तरी नखांत राहिली आहे. मी फोन ठेवेपर्यंत केव्हिन आभार मानत होता. गुडघा फार सुजलाय, पण आज शांत झोप लागेल.

२१ ऑक्टोबर

शांत झोप लागली. हे मुद्दाम लिहून ठेवते.

सकाळी बँकेत गेले. खिडकीतल्या माणसाने पडदा माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं. बाहेरून एक डॉलरही आला नव्हता. माझ्याच ठेवीच्या खात्यातले पैसे उचलून त्याने माझ्याच चालू खात्यात टाकले होते. ड्वेनच्या ट्रॅक्टरचे पैसे. छपरासाठी ठेवलेले. ते दुसऱ्याचे समजून मी धावत धावत, दुखऱ्या पायाने, तीन गावं फिरून त्याला नेऊन दिले.

बँकेतला माणूस "सावकाश जा, बाई" म्हणाला. सावकाश आले.

२२ ऑक्टोबर

शेरीफच्या कचेरीतल्या पोराने सगळं लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. ते टोपण लावण्यावरून कळलं की काही होणार नाही.

तो गप्प झाला होता, तेच डोक्यातून जात नाही. 'आजच करते' म्हटल्यावर. फोनवर हात ठेवून हसत असणार. बाजूच्यांना खुणा करून दाखवत असणार, बघा, ही म्हातारी आजच करते म्हणते. आमच्या बापाने आम्हाला जे शिकवलं, त्यावर तो हसला. पैसे ने म्हणावं. ते कशाला नेलंस?

लहानपणी राग आला की आम्हाला कोठारात पाठवायचे. हसू आलं की घरात. एल्विन लगेच परत यायचा. मी धारा काढायची वेळ होईपर्यंत तिथेच.

संध्याकाळी एल्विन आला. अडुसष्ट वर्षांचा झाला, अजून माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहतो.

"किती गेले?"

सांगितलं.

"म्हणजे ट्रॅक्टर."

"ट्रॅक्टर."

त्याने कॉफी संपवली. "जाऊ दे, व्हिल. रागावून परत येतात का?"

"न रागावता येतात का?"

त्याने टोपी डोक्यावर ठेवली. दारातून वळून म्हणाला, "त्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे अजून?"

"तुलाच तर दिला होता, साखळीवर."

"हां. असेल कुठेतरी."

हे लिहिताना हात थांबला. साखळीवर. म्हणजे नंबर सगळ्या घरांत आहे. प्रत्येकाच्या फोनशेजारच्या कागदावर, माझ्या नावाने.

२४ ऑक्टोबर

रोझलिन शेवयांचं झाकलेलं भांडं घेऊन आली. कुणी मेलं की आपण नेतो ते. मी फसले आहे एवढंच फोनवर सांगितलं होतं, आणि एक काम आहे म्हटलं होतं.

"साखळीवर सांग. केव्हिन चोर आहे, त्याला फोन करू नका. माझं नाव घालून सांग."

"सांगते. पण चोर हा शब्द, आर्व्हिला..."

"दुसरा कुठला आहे?"

"आपण त्याच्यासाठीही प्रार्थना करतो."

"कर ना. आधी दार लाव, मग कर."

तिने भांड्यावरचं फडकं सारखं केलं. पुन्हा सारखं केलं. "आणि तुझं नाव कशाला? लोकांना काय काय कळायला हवंय? लांबच्या दुकानात गेलीस, विचारलं तर तोंड उघडायचं नाही, मग घरी येऊन एकेक पट्टी खरवडत बसायचं, आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. इतकी अक्कल कशी नाही आली, हेच म्हणणार सगळे. सोडून दे. क्षमा केलीस की तुलाच हलकं वाटेल."

हे सगळं बातम्यांत येत असतं म्हणे. रोझलिनचं वाचन दांडगं आहे. पण इतकं तोडून बोलली कधी नव्हती. मी शेवया खाल्ल्या नाहीत. कुत्र्याला घातल्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

काल साखळी फिरली. माझ्याकडे आली नाही. तांते हुल्डाने फोन करून वाचून दाखवली:

"'आपल्या एका बहिणीचं नुकसान झालं आहे. तिच्या मनातली कटुता जावी म्हणून प्रार्थना करावी.' बहीण कोण, ते दिलेलं नाही. पण साखळीतून तुझी कडी गाळलीय, म्हणजे तूच."

चोर गेला. केव्हिन गेला. नंबर गेला. उरली काय, तर माझी कटुता!

आज चर्चमध्ये सगळ्यांनी माझा हात हातात घेतला. ताप आहे का बघावा तसा माझ्या रागाला हात लावून बघत होते. जेवणाच्या टेबलाशी लिओना, काठी टेकत आलेली, माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, लिओना, रडू नको, नंबर फेकून दे. ती आणखीच रडली. रोझलिन चार बाकं पलीकडे होती, वर बघेना.

मी कधी कुणावर आवाज चढवलेला नाही. आज गाडीत बसून, काचा वर करून, ओरडले. आवाज माझाच होता का, शंका आली.

३० ऑक्टोबर

साखळी नको. मीच एकेकाला फोन करणार, असं सकाळी ठरवलं. रिसीव्हर उचलला, ठेवला. काय सांगू? मी दिलेला नंबर चोराचा होता? इतकी वर्षं मी चर्चचं पत्रक टाइप करते, तारीखसुद्धा चुकलेली नाही. रोझलिनचं खरं आहे, म्हणतील ना, इतकी अक्कल कशी नाही. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. भित्री. त्याच्यावर चिडते, रोझलिनवर चिडते, आणि कुणी लुटलं गेलं तर त्यात माझ्या गप्प बसण्याचा वाटा असेल, हे काही टळत नाही.

निदान भावाला तरी विचारावं. एल्विनचा फोन लागेना. दुपारपर्यंत कुणाशी तरी बोलतच होता. तो एल्विन, जो हवामानाबद्दलसुद्धा दोन शब्दांत बोलतो. शेवटी लागला.

"फोन बिघडलाय माझा," म्हणाला.

"तू त्या नंबरवर फोन नाही ना केलास?"

"मला काय काम?"

"शपथ?"

"आपण शपथ घेत नाही, व्हिल."

ते खरंच.

६ नोव्हेंबर

एल्विनकडे सफरचंदं सोलायला गेले. दरवर्षीप्रमाणे सफरचंदाचा साखरेतला मुरंबा आटवायचा होता. त्याची ज्वारी काढून झाली आहे, भाव बरा मिळाला म्हणतो. पण तोंडावर तसं दिसत नाही, वाळलाय. त्याने खिशातला चाकू दिला. टोकाला चंदेरी कीट बसलेलं. "हे काय खरवडत होतास?" म्हटलं. "रंग," म्हणाला. चाकू घासून घेतला आणि सोलायला बसले.

कुरणात गाई दिसल्या नाहीत. गवत कमी आहे, पलीकडे नेल्यात, म्हणाला.

"अजून रागावलेली आहेस?" त्याने विचारलं.

"आहे."

"पैसे परत आले तर जाईल?"

"येणार आहेत थोडेच!"

"समज, आले."

"एल्विन, साली जाड निघताहेत तुझ्या, लक्ष दे."

माझ्याशी नीट वागायला बघतो बिचारा. मीच खेकसते. येताना उगाच वाईट वाटत राहिलं.

१२ नोव्हेंबर

ड्वेनचा ट्रॅक्टर आज शेजारच्या रानात चालला होता. आवाजावरून ओळखला. खिडकी लावून घेतली. ड्वेनवरही चिडले. दोन वर्षं झाली, पहिल्यांदाच. मला ते यंत्र शिकवायचं नव्हतंस का? सगळं आपल्याच हातात ठेवलंस आणि गेलास.

आणि खरं लिहायचं तर: तो बाण आपला आपण फिरत होता तेव्हा मला बरं वाटलं होतं. घरात कुणीतरी काहीतरी नीट करत आहे, असं. याचाच राग सगळ्यात जास्त येतो.

१८ नोव्हेंबर

 क्रमाने लिहिते.

खताच्या दुकानात जनावरांच्या बाजारातला माणूस भेटला. "एल्विन थकला म्हणायचा," म्हणाला. "सगळ्याच काढल्या. इतक्या चांगल्या गाई, अशा पडत्या भावात. थांब म्हटलं, ऐकेना."

तशीच गाडी वळवली. मागचं दार उघडंच. एल्विन टेबलाशी बसलेला, मान आणि खांदा यांच्यात रिसीव्हर धरून. समोर कार्डांची चळत. खिशातल्या चाकूने एक पट्टी खरवडत होता आणि शाळेतल्या पोराने पाढे म्हणावेत तसा एकेक आकडा म्हणत होता. मला बघितलं आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

"जवळजवळ झालंय, व्हिल. एवढं शेवटचं. मग तुझे सगळे सुटतात."

"माझे?"

"अडकलेत तिकडे. तो म्हणतो, कुणीतरी हमी भरली पाहिजे. मी त्याला चांगला सुनावायला म्हणून फोन केला होता गं. तो रडला. म्हणाला, चूक झाली, तुमच्या बहिणीचे पैसे मिळवून देतो." मग घाईघाईने, "गाई काय, पुन्हा घेता येतात. आता कमी पडले तर कुरणाला गिऱ्हाईक बघून ठेवलंय. शुक्रवारी येतो बघायला."

बापाचं कुरण. मी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"हॅलो? सर?" तोच आवाज. तसाच सौम्य.

"एल्विनची बहीण बोलते."

"आर्व्हिला मॅडम!" एक क्षण थांबून, "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं.

बरा आहे! चोराला! माझ्या जिभेला जन्मभर जे वळण लावलंय, तेच बोललं. आणि त्या दोन शब्दांनी माझ्या आत जे काही इतके दिवस धुमसत होतं ते एकदम पेटलं.

"तुझं आडनाव काय?"

"मॅडम?"

"आडनाव. कुणाचा तू? आई कुठल्या घरची? तिचे गुडघे खरे आहेत, की तेही आमच्यासाठीच काढलेस? ती तेल चोळते तेव्हा तिला सांगतोस का, की आज एका म्हाताऱ्याच्या गाई खाल्ल्या? माझ्या भावाने तुझ्याजवळ माझ्यासाठी हमी भरली, आणि तू ती मोजून घेतलीस! स्वतःच्या लाजेने मी गप्प, मला लाज वाटू नये म्हणून तो गप्प, आणि या गप्प बसण्यावर तू पोट भरतोस. आता नाही गप्प बसणार. ऐकतोयस ना? बोल, आडनाव सांग!"

तो गप्प झाला. त्या दिवशीसारखाच, बराच वेळ. मी कान देऊन ऐकलं. मागे पुष्कळ आवाज होते, वेगवेगळे, सगळे एकच म्हणत होते: मॅडम, मॅडम, मॅडम. पण तो हसत नव्हता. हसला असता तर सोपं गेलं असतं.

फोन बंद झाला.

मग मी एल्विनकडे वळले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. गाढव म्हटलं. खोटारडा म्हटलं. मला न विचारता माझ्यासाठी स्वतःला विकायला निघाला होतास, म्हटलं. त्याने सगळं ऐकलं.

"तुझा राग जाईचना," तो म्हणाला. "सगळे म्हणत होते गेला पाहिजे. मला दुसरं काही सुचलं नाही."

मी उभीच होते. तो उठला, खुंटीवरची टोपी घेतली.

"कुठे निघालास?"

"कोठारात जाऊ ना?" हे इतक्या हलक्या आवाजात म्हणाला, की मला पहिल्यांदा थट्टा कळलीच नाही. डोळे मात्र भरलेले.

"नाही," मी म्हटलं. "कुणी कोठारात जायचं नाही. इथेच बस. दोघं इथेच बसू."

बसलो. तासभर, दोघंही रागावलेले, एका टेबलाशी. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मग मी त्याच्या हातून कुरणाच्या गिऱ्हाइकाला नको म्हणून फोन करवला.

१९ नोव्हेंबर

साखळी रोझलिन सुरू करते. मी पत्रक टाइप करायला लागले त्याच्याही आधीपासून पाळकाची बायकोच सुरू करते. आज मी केली. पहिला फोन तिलाच.

"लिहून घे," म्हटलं. "केव्हिन म्हणून जो फोन करतो तो चोर आहे. त्याने मला लुटलं आणि माझ्या भावाच्या गाई नेल्या. नंबर मी दिला होता. तो फाडून टाका. पुन्हा फोन आला तर बोलू नका, आम्हाला कळवा, आपण सगळे मिळून शेरीफकडे जाऊ. आम्ही रागावलो आहोत. आमच्यासाठी शांती मागू नका. आर्व्हिला, एल्विन."



"रोझलिन?"

"'रागावलो' हा शब्द ठेवायचाच का?"

"जसाच्या तसा."

 तिच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मला वाटलं, आता येणार क्षमा. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"पेन चालत नव्हतं," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना. "पहिल्यापासून सांग."

पहिल्यापासून सांगितलं.

मग वाट पाहणं. एल्विन आला होता. पनीरच्या उकडलेल्या करंज्या केल्या, खाल्ल्या, भांडी झाली. एल्विन म्हणाला, कुणीतरी मध्येच धुऊन-पुसून गोड केला असेल. मीही तेच म्हणत होते, मनात. 'एका बहिणीला आणि एका भावाला बळ लाभो.' तसं आलं तर काय करायचं? गाडी काढून घरोघर जायचं, ठरवलं. सुजलेल्या गुडघ्याने तीन दुकानं फिरले, तर एवढी घरं का नाही?

अंधार पडायच्या आधी तांते हुल्डाचा फोन.

"पहिलं टोक आज तू म्हणे. वाचते. थांब, चष्मा." तिने सावकाश वाचलं. चोर होता. गाई होत्या. 'नंबर मी दिला होता' होतं. 'आम्ही रागावलो आहोत' होतं. "'आमच्यासाठी शांती मागू नका. आर्व्हिला, एल्विन, रोझलिन.'"

"काय म्हणालीस?"

"मध्ये बोलू नको, माझी ओळ चुकते. 'रोझलिन. लिओना. मेनो. मेनोची बायको.' ती दोघं वेगवेगळी घालायची आहेत. आपण फसलो हे त्याने तिला सांगितलं नव्हतं, तिनेही त्याला. आज एकाच घरात एकाच फोनवर एकमेकांना कळलं. संपलं. सगळ्यांनी नियम मोडलाय. माझी आई असती तर एकेकाला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं असतं."

नावं एका कागदावर उतरवून घेतली. शेवटी विचारलं, "आणि तू, तांते?"

"मी कशाला? जो आडनाव सांगत नाही त्याच्याशी मी बोलत नाही."

फोन ठेवून एल्विनला नावं सांगितली. तो प्रत्येक नावाला मान हलवत होता. लिओनाच्या नावाला त्याने टेबलावर मूठ आपटली. हळूच, पण आपटली.

एवढ्यात मागचं दार वाजलं. रोझलिन. हातात भांडं नव्हतं. केस विसकटलेले, कोटाची बटणं चुकून लावलेली. आत आली, कोट न काढताच खुर्चीत बसली, टेबलावरच्या मेणकापडावर नख ओढत राहिली. मी कॉफी समोर ठेवली. तिने कप दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हरामखोर."

हा शब्द तिला येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एल्विन टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"जसाच्या तसा?" मी विचारलं.

"जसाच्या तसा," ती म्हणाली.